डोळ्यांखाली केळीचा चीक

मी औषधांच्या दुकानात बसते. फार्मसी शिकलेली आहे, नवराही तेच शिकलेला आहे, आणि धुळ्यात आमचं दोघांचं छोटंसं मेडिकल आहे. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं वाचून कुणालाही वाटेल की ही बाई शाळेची पायरीसुद्धा चढलेली नसणार.

डोळ्यांखाली काळी वर्तुळं का येतात, हे मी गिऱ्हाइकांना घडाघडा सांगते. झोप कमी, पाणी कमी, रक्त कमी, ऊन जास्त, डोळे चोळायची खोड, धुळीची ॲलर्जी. काहींची तिथली कातडीच पातळ असते, आणि काहींकडे ते घराण्यातूनच आलेलं असतं, त्याला फारसा इलाज नाही. एवढं ज्ञान पाजळून झालं की मी शेवटी क्रीमची ट्यूब काउंटरवर ठेवते, कारण दुकानही चालवायचं असतं. एकदा कॉलेजातली एक मुलगी माझं सगळं भाषण ऐकून घेऊन माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मग ट्यूबकडे बघितलं, मग पुन्हा माझ्याकडे. "ताई, तुम्ही हीच लावता का?" असं तिनं अगदी साधेपणानं विचारलं आणि ट्यूब तिथेच ठेवून निघून गेली. नवरा मागे गोळ्यांचे बॉक्स लावत होता. त्याला हसू आवरेना. त्या दिवशी मी त्याच्याशी धड बोलले नाही.

माझी वर्तुळं लहानपणापासूनचीच. लग्नाच्या दिवशी पार्लरवालीनं त्यांच्यावर गिलावा केला होता, म्हणून फोटोत मी बरी दिसते. लग्नानंतर ती वाढली. धुळ्याचं नाव धुळे का पडलं ते मला माहीत नाही, पण आमच्या दुकानासमोरच्या रस्त्यावर उभं राहिलं की धूळ काय ते कळतं. माझे डोळे सारखे खाजायचे आणि मी ते दोन्ही मुठींनी चोळायचे. गिऱ्हाइकाला मात्र सांगायचे, डोळे चोळू नका हं. शिवाय दुकान बंद करून घरी आलं की मोबाईलवर साड्यांचे, आमट्यांचे आणि परक्या लोकांच्या भांडणांचे व्हिडिओ बघत पडायचं. सासूबाई पलीकडच्या खोलीतून म्हणायच्या, "रातभर मोबाईल देखस, मंग डोया काया नही व्हतीन ते काय व्हई?" त्यांचं बरोबर होतं, म्हणून मला राग यायचा.

आता यात एवढं काय बिघडलं, असं कुणीही म्हणेल. आहेत वर्तुळं तर असू देत. पण माझ्या लग्नात एक गोम होती.

माझं माहेर सावद्याचं. घरात केळीच केळी. आमच्याकडे माणसाची किंमत त्याच्या बागेत खोडं किती यावरून ठरते, आणि मी लग्न ठरवलं ते अशा मुलाशी की ज्याच्या सात पिढ्यांत कुणाला बांध माहीत नाही. आबा, म्हणजे माझे वडील, चक्क जेवण सोडून उठले. "ज्याच्याकडं केयीचं एक खोड नाही, त्याच्या घरी पोर द्याची?" काका, आत्या, सगळे आबांच्या बाजूनं. मी रडून बघितलं, भांडून बघितलं. काही उपयोग झाला नाही. मग आई बोलली. आबांपुढे उलटून बोलताना मी तिला कधीच बघितलं नव्हतं. भाकरी थापता थापता ती म्हणाली, "मले पोरगा पटला. जबाबदारी माही. पोर सुखात नसली, तं मले धरा." आबा म्हणाले, "ध्यानात ठेव. काही वाकडं झालं, तं मी त्याले नाही, तुले विचारीन."

असं माझं लग्न झालं. आईच्या शब्दावर. त्यामुळे माझं तोंड ही माझ्या एकटीची मालमत्ता राहिलेली नव्हती. त्यावर काही उमटलं, की जाब आईला द्यावा लागणार होता.

आणि उमटलंच. माहेरच्या गल्लीतल्या एक अक्का धुळ्याला एका लग्नाला आल्या होत्या. "म्हटलं पोरीले भेटून जावं," म्हणत त्या दुकानात आल्या, सरबत प्यायल्या, डोकेदुखीची गोळी फुकट घेतली आणि सावद्याला जाऊन सांगितलं की पोरीचे डोळे खोल गेले, चेहऱ्यावर पार काळजी दिसते. दुसऱ्या दिवशी आईचा फोन. झोपतेस ना? जेवतेस ना? सासू बरी आहे ना? मी म्हटलं, अगं सगळं छान आहे. ती हळूच म्हणाली, "आबा काही बोलत नाहीत. पन आखाजीले ये, तं जरा चांगली दिसून ये."

आखाजी म्हणजे आमच्या खानदेशातली अक्षय्य तृतीया. सासरी गेलेल्या पोरी त्या सणाला माहेरी येतात. निंबाला झोके बांधतात, आमरस असतो, मातीच्या खापरावर भाजलेल्या पुरणपोळ्या असतात, गाणी असतात, हे सगळं खरं. पण त्याच्या आत एक परीक्षाही चाललेली असते, तिच्याबद्दल कुणी लिहीत नाही. पोर गाडीतून उतरली की गल्लीतल्या बाया तिला डोक्यापासून पायापर्यंत बघतात. दंड भरलेत का, गालफडं बसलीत का, बांगड्या सैल झाल्यात का. सासर कसं आहे हे पोरीला विचारत नाहीत, कारण पोरी खोटं बोलतात हे सगळ्यांना माहीत असतं. माझी लग्नानंतरची पहिलीच आखाजी होती, म्हणजे परीक्षा बोर्डाची.

मी कामाला लागले. दुकानातली सगळ्यात महाग ट्यूब फोडली. काही झालं नाही. स्वस्त ट्यूब फोडली, तिनं पुरळ आलं. बटाट्याच्या चकत्या डोळ्यांवर ठेवून पडले, तर सासूबाईंनी त्या उचलून नेल्या. त्यांना वाटलं भाजीसाठी कापून ठेवल्यात. त्या दिवसापासून मी बटाट्याची भाजी जरा जपूनच खाते. काकडी झाली, गुलाबपाणी झालं, बदामाचं तेल झालं. चमचे फ्रिजमध्ये गार करून डोळ्यांवर ठेवले, तेव्हा नेमका नवऱ्याचा मित्र घरी आला आणि मी सोफ्यावर डोळ्यांत चमचे घालून पडलेली. त्यानं चहा न घेताच काढता पाय घेतला. शेवटी मी ठरवलं की झोपायचं. इतकी झोपले की सासूबाईंना मला दिवस गेल्यासारखं वाटलं आणि त्यांनी शेजारी तसं सांगूनही टाकलं. ती गोष्ट निस्तरण्यात माझी उरलीसुरली झोप गेली.

मग तो व्हिडिओ आला. केळ्याची साल डोळ्यांखाली चोळा आणि फरक बघा. मी उठूनच बसले. केळ्याची साल! ज्या घरात केळीशिवाय दुसरा विषय नाही, त्या घरात जन्मून मी दुकानातल्या ट्यूबा फोडत बसले होते.

आता इथे माझ्या अकलेचे तारे तुटले. व्हिडिओतली बाई पिकलेल्या केळ्याची साल घेत होती. पण आम्ही केळीवाले. बाजारातलं पिवळंधमक केळं बघितलं की आम्ही नाक मुरडतो. शहरातले लोक खातात ते असलं केळं, आपल्याकडे नाही चालत, हे आमच्या रक्तातच भिनलेलं आहे. पिकवलेल्या सालीत काय कस राहणार? खरा कस झाडावरून ताज्या काढलेल्या हिरव्या केळ्यात. आमच्या धुळ्याच्या घरामागे, न्हाणीच्या पाण्यावर वाढलेली सासूबाईंची एक केळ होती आणि तिला नेमका घड आलेला होता. मी निघायच्या दिवशी सकाळी एक केळं कापलं. देठातून टपटप चीक आला, स्वच्छ, पाण्यासारखा. सालीचा आतला भाग चोळला, वर तो चीकही बोटानं दोन्ही डोळ्यांखाली नीट लावला.

केळीच्या चिकानं काय होतं हे सावद्यातलं शेंबडं पोर सांगेल. बागेत जायचे कपडे आमच्याकडे वेगळे असतात, कारण चिकाचा डाग काळा पडतो आणि धुऊन निघत नाही. लहानपणी नवा फ्रॉक घालून बागेत गेले म्हणून मी आईच्या हातचा मार खाल्लेला आहे. हे सगळं मला आठवत होतं, अगदी लावतानासुद्धा आठवत होतं. पण मी मनाशी म्हटलं, तो डाग कापडावर पडतो, कातडीला काय होतंय? फार्मसी शिकलेल्या माणसाला अशा वेळी स्वतःवर भलताच विश्वास असतो. चीक वाळला, कातडी अशी छान ताणली गेली, मला वाटलं आत्ताच दहा वर्षांनी लहान झाले. तोंड धुतलं, आरशात बघितलं, डोळ्यांखाली काही वाईट दिसत नव्हतं. सासूबाईंच्या पाया पडले. त्या म्हणाल्या, "तुनी मायले सांग, बठ्ठं चांगलं शे." बठ्ठं म्हणजे सगळं. तो निरोप घेऊन मी एसटीत बसले.

चीक लगेच काळा पडत नाही. वारा लागला की हळूहळू पडतो. आणि मी तर खिडकीत बसले होते.

पारोळ्याच्या आसपास लोक माझ्याकडे बघायला लागले. समोरच्या सीटवरची बाई मागे वळून बघायची आणि नजरानजर झाली की पुढे बघायची. कंडक्टर तिकीट देताना जरा जास्तच अदबीनं बोलला. मला काय वाटलं असेल? मला वाटलं, गुण आला. मी पदर सावरला, जरा ताठ बसले, खिडकीतून बाहेर बघत मंद हसले. जळगाव येईपर्यंत मी स्वतःच्याच रूपावर खूश होते. तिथे शेजारची, पारोळ्याला चढलेली एक बाई उतरायच्या आधी माझ्या कानाशी वाकली आणि म्हणाली, "कोनी मारं वं बई तुले? सोसू नको."

मी मोबाईलचा कॅमेरा उघडला. दोन्ही डोळ्यांखाली काळेकुट्ट अर्धगोल, कडेला तपकिरी ओघळ. ज्यानं मला कधी आवाज चढवून हाक मारली नाही, त्या माणसाच्या बायकोचं तोंड दोन बुक्के खाल्ल्यासारखं दिसत होतं.

भुसावळच्या स्टँडवर गाडी बदलायची होती. तिथल्या नळाखाली मी साबणानं घासलं, रुमालानं घासलं, रडत रडत घासलं. काळं तसूभर हललं नाही, फक्त सभोवती लाल झालं आणि सुजलं. म्हणजे आधी जुना मार वाटत होता, तो आता ताजा वाटायला लागला. नवऱ्याला फोन लावला. आधी तो हसला. मग मी फोटो पाठवला, तेव्हा हसणं थांबलं. "मी येऊ का?" तो म्हणाला. मी म्हटलं, येऊ नकोस, आबा आधी हाणतील आणि मग विचारतील. तो म्हणाला, मग तूच परत ये. तेही करता येत नव्हतं. पहिल्या आखाजीला पोर आली नाही, तर आबा आईला काय म्हणतील ते मला कळत होतं. पदर डोळ्यांपर्यंत ओढून मी सावद्याच्या गाडीत चढले.

गल्लीत झोके चालू होते. मी आले तशी गाणी थांबली. अक्का झोक्यावरून उतरल्या आणि म्हणाल्या, "काय झालं व माय हे?" मी म्हटलं, "चीक आहे अक्का, केळीचा चीक." त्यांनी इतर बायांकडे बघितलं. इतर बायांनी त्यांच्याकडे बघितलं. सगळ्यांनी अगदी दयेनं माना हलवल्या.

आईनं मला दारातून थेट स्वयंपाकघरात नेलं आणि दार लावलं. "खरं सांग. त्यानं हात टाकला?"

"तुझी शपथ आई, चीक आहे. मीच लावला. काळं जावं म्हणून."

तिनं माझी हनुवटी धरून उजेडाकडे केली. बराच वेळ बघितलं. मग म्हणाली, "तू येडी हायस, हे मले माहीत हाय." तिचा विश्वास बसला होता. माझ्या बाजूनं जगात तेवढा एकच साक्षीदार होता, आणि तोही माझ्या वेडेपणाचा.

आबांचा बसला नाही. ते ओट्यावर बसले होते, मी सगळं सांगितलं. केळ, व्हिडिओ, ताजी साल, सगळं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. "बाहेरची पोर असती, तं मानलं असतं," ते म्हणाले. "केयीच्या बागेत जल्मलेली पोर डोयाले चीक लावील? दुसरं काही सांग." त्यांचं म्हणणं बिनतोड होतं. मी इतकी मूर्ख असू शकेन हे माझ्या बापाला मान्य नव्हतं. तो त्यांचा मोठेपणा होता, पण त्यापायी माझा संसार मोडायची वेळ आली होती.

मग ते आईकडे वळले. "विचारीन म्हटलं होतं ना? आता विचारतो. हेच का तुहं सुख?" आई दाराच्या चौकटीला धरून उभी होती. "पोर परत जायाची नाही," आबा म्हणाले आणि बागेत निघून गेले.

दुसऱ्या दिवशी सण होता. आई पहाटेपासून खापरावर पोळ्या करत होती. गल्लीतल्या बाया काही ना काही निमित्त काढून यायच्या, कुणाला विरजण हवं असायचं, कुणाला चाळण. माझ्याकडे बघून झालं की आईला म्हणायच्या, आपन कितीबी चांगलं पाह्यलं तरी नशीब असतं एकेकीचं. आई प्रत्येकीला तेच उत्तर द्यायची, "पोरीनं चीक लावला." एकीलाही पटत नव्हतं आणि तरी ती प्रत्येकीला सांगत होती. मधूनच पाटावर टेकायची, पदरानं वारा घ्यायची, पुन्हा उठायची. मी म्हटलं, बस ना जरा. तर म्हणे, खापराची धग हाय, दुसरं काय. आबा जेवले आणि आईशी एक अक्षर न बोलता उठले. मला स्वतःची इतकी चीड आली. चांगलं दिसायच्या हौसेपायी मी आईचा शब्द चिकात बुडवला होता.

संध्याकाळी आईनंच तोड काढली. ती आबांपुढे जाऊन उभी राहिली. "डॉक्टरले दाखवा. ते म्हनले मार हाय, तं पोर ठेवून घ्या, आन् मले काय म्हनायचं ते म्हना. चीक हाय म्हनले, तं पोरीले मी सवता गाडीत बसवून देईन." आबांनी तिच्याकडे न बघता मान हलवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिघं दवाखान्यात गेलो. डॉक्टर बाई होत्या, मध्यमवयीन, कपाळावर चष्मा ठेवून बोलणाऱ्या. मी आत शिरल्या शिरल्या त्यांच्या चेहऱ्यावर तीच दया आली जी एसटीतल्या बाईच्या चेहऱ्यावर आली होती. मी पुन्हा एकदा सगळी कहाणी सांगितली. मी काय शिकले आहे ते सांगायचं टाळत होते, पण आबांनी ते सांगून टाकलं. डॉक्टरीणबाईंनी कापसानं हलकेच पुसून बघितलं, दिव्याखाली बघितलं, दाबून दुखतं का विचारलं. मग चष्मा डोळ्यांवर ओढून माझ्याकडे नीट बघितलं आणि हसू दाबत म्हणाल्या, "चीकच आहे. मार असता तर रंग वेगळा असता, आणि दोन्हीकडे इतका सारखा कुणी मारत नाही. घासू नका, खोबरेल लावा, कातडीबरोबर निघून जाईल. डोळ्यांत गेला नाही हे नशीब समजा."

आईनं सोडलेला श्वास मला ऐकू आला. पण आबा तेवढ्यावर ऐकणारे नव्हते. "अन् त्याच्या आधीचं काय? हिचे डोये लग्नानंतर खोल गेले, हे तं गावानं पाह्यलं. पोर उपाशी हाय का, जागते का, कशाची काळजी हाय, ते सांगा."

डॉक्टरीणबाईंनी माझी खालची पापणी ओढून बघितली, नखं बघितली. म्हणाल्या, रक्त ठीक आहे. धुळीनं खाजतं, ही चोळते, त्यानं गडद होतं. पण मूळ तसं लग्नाआधीचंच असणार. "घरात कुणाला आहे असं?" त्यांनी विचारलं आणि उत्तराची वाट न बघता वर बघितलं. माझ्या मागे आई उभी होती, पदर कपाळापर्यंत ओढलेला. डॉक्टरीणबाई जरा वेळ बघतच राहिल्या. मग म्हणाल्या, "ताई, तुम्ही इकडे उजेडात या बरं."

"माह्यं काय पाह्यता?" आई म्हणाली. "पोरीचं पाहा."

"पोरीचं झालं. बसा."

तिच्या डोळ्यांखाली माझ्यासारखीच वर्तुळं होती. मी ती जन्मापासून बघत आले असणार आणि कधी बघितलीच नव्हती. डॉक्टरीणबाईंनी तिची पापणी ओढली. आत लाल दिसायला हवं, हे मला पाठ आहे. आत काही लाल नव्हतं. धुतलेल्या कपड्यासारखं पांढरं होतं. त्यांनी आबांना जरा बाहेर बसायला सांगितलं आणि आईला विचारायला लागल्या. जिना चढताना दम लागतो? छाती धडधडते? पाळी? आईनं आधी दाराकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं आणि खाली मान घालून सांगितलं, की कित्येक महिन्यांपासून फार जातं, कपडे पुरत नाहीत, कधी कधी उभं राहवत नाही. "वय झालं म्हटलं," ती म्हणाली. "जाईल आपोआप."

मी तिथे मठ्ठासारखी बसले होते. रक्तवाढीच्या गोळ्या मी रोज विकते. फोनवर ती मला विचारायची, झोपतेस का, जेवतेस का, आणि मी सांगायचे, आणि फोन ठेवायचे. तिला कुणी विचारायचं? तिचे आईवडील केव्हाच गेले, भाऊ सुरतेला जाऊन राहिला. गेल्या कित्येक आखाज्यांना ती कुठे गेलेली नव्हती. गाडीतून उतरल्यावर हनुवटी धरून उजेडाकडे बघणारं तिचं कुणी उरलेलं नव्हतं, आणि ज्यांनी बघायचं ते आम्ही तिच्या हातच्या पोळ्या खात माझं तोंड न्याहाळत बसलो होतो. मला इतकं रडू आलं, की आता ते चिकावरून ओघळलं तरी मला पर्वा नव्हती.

बोट टोचून तिथल्याच यंत्रावर रक्त बघितलं. आकडा बघून डॉक्टरीणबाईंनी तो पुन्हा एकदा बघितला. आईला विचारलं, "तुम्ही इथपर्यंत चालत आलात?"

"मंग? जवळच तं हाय."

त्यांनी आबांना आत बोलावलं. आबा आले आणि दाराशी उभे राहिले, आपल्या पोरीबद्दलचा निकाल ऐकायला आल्यासारखे. डॉक्टरीणबाई काही बोलायच्या आत आईनंच त्यांचा हात धरला. "बाई, पोरीचे डोये माह्यावर गेले ना? सासरचं काही नाही ना?"

"नाही. तिचं सगळं व्यवस्थित आहे."

"मंग ते हिच्या बापाले सांगा. मले नका सांगू. मोठ्यानं सांगा."

डॉक्टरीणबाईंनी आबांकडे बघितलं. "तुमच्या मुलीला काहीही झालेलं नाही," त्या म्हणाल्या. "काळं आहे ते आईकडून आलेलं आहे. पण हिच्या आईच्या अंगात रक्त राहिलेलं नाही. आज घरी नेता येणार नाही. मी चिठ्ठी देते, इथूनच जळगावला मोठ्या दवाखान्यात घेऊन जा, रक्त चढवावं लागेल. इतके दिवस ही कामं कशी करत होती, मला कळत नाही."

आईनं त्यातलं पहिलंच वाक्य ऐकलं होतं. तिचा चेहरा असा उजळला की मी लग्नातही तो तसा बघितला नव्हता. पदर नीट केला आणि आबांकडे मान वर करून म्हणाली, "ऐकलं ना तुमी? पोरीचं ठीक हाय."

आबांनी होकारार्थी मान हलवली, पण ते पोरीकडे बघत नव्हते.